पेटीवर बसलेला हात आणि अंतराळपटांचा पियानो: या चुका टाळा

विदर्भातल्या गावात पियानो सहसा नसतो. असतो तो पाच सप्तकांचा कीबोर्ड, आणि तो वाजवणारा हात बहुधा भजनी मंडळाच्या पेटीवर तयार झालेला. विज्ञानपटांच्या प्रभावातून आलेल्या नव्या पियानो रचना या हाताला जड जातात, कारण पेटीचा सूर भाता चालेपर्यंत टिकतो आणि पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विझू लागतो.

‘इंटरस्टेलर’ (२०१४) घ्या. हान्स झिमरच्या या संगीतात मुख्य आवाज पाइप ऑर्गनचा आहे, आणि तो लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झाला. ऑर्गनही पेटीसारखाच हवेवर चालतो. पियानोवर तसा लांब स्वर धरता येत नाही, म्हणून रूपांतरांत डावा हात तेच स्वर पुन्हा पुन्हा फिरवत ठेवतो. पेटीवाल्याचा नेमका हाच हात आजवर भात्यावर होता. त्यामुळे आधी उजव्याने चाल बसवून मग डावा जोडायला गेलं की लय कोसळते. क्रम उलटा ठेवा. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ५० ठोक्यांवर लावा, ठोक्याला दोन स्वर: पांढरी सहा, वरची पांढरी तीन, त्यावरची पांढरी सहा, बोटं करंगळी, तर्जनी, अंगठा. दहा मिनिटं न अडखळता जमलं की मगच उजवा हात आणा.

सहा-सहा स्वरांचा घोळ आला की हात आपोआप दादऱ्यात शिरतो आणि समेवर जोर पडतो. असं वाजलं की रचनेचं भजन होतं. सहाही स्वर सारख्या वजनाने वाजवा. आवाज चढवायचा तो आवर्तनागणिक.

सगळ्यात जास्त बिघडतं ते पेडलवर, म्हणजे सूर लांबवणाऱ्या पायपट्टीवर. पाय दाबूनच ठेवला की दोन स्वरमेळ एकमेकांत मिसळून गढूळ होतात. साधा सराव: मेट्रोनोम ६०. पहिल्या ठोक्याला नवा स्वरमेळ दाबतानाच पाय उचला, दुसऱ्या ठोक्याला बोटं तशीच धरून पाय पुन्हा दाबा. पेडल सतत दाबलेलं असताना स्वस्त कीबोर्डवर आणखी एक गोष्ट होते. त्याची पॉलिफोनी, म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या स्वरांची मर्यादा, ३२ असेल, तर ती भरली की नवा स्वर येताना जुना तुटतो, आणि तो बहुधा खालचा आधाराचा स्वर असतो. पियानोच्या जोडीला स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांचा आवाज) लावल्या असतील तर त्या आधी काढा. दोन आवाजांत ही क्षमता निम्मी होते.

पाय उचलल्यावर सूर लांबतो, दाबल्यावर तुटतो? पेडल बिघडलेलं नाही. कीबोर्ड बंद करा, पेडलची पिन लावा आणि पेडलला पाय न लावता चालू करा. बरेच कीबोर्ड चालू होतानाच पेडलची दिशा ओळखतात.

६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर पूर्ण पियानोपेक्षा खाली १५ आणि वर १२ पट्ट्या कमी असतात. म्हणून अख्खा डावा हात एक सप्तक वर नेऊ नका, तो चालीत घुसतो. जोडीने लिहिलेल्या दोन ‘सा’पैकी फक्त खालचा सोडा.

वेचणीनंतर घरात कापसाची गंजी लागते, तेव्हा कीबोर्ड त्या खोलीत नको. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या टोपीत दोन संपर्क असतात. ते एकामागून एक जुळतात आणि मधल्या वेळावरून आवाजाचा जोर ठरतो. तिथे तंतू अडकला की पट्टी मुकी होते, नाहीतर हळू दाबली तरी ठणठणते. अडॅप्टर काढून, कीबोर्ड खोलून हे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने काडीच्या कापसाने हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पेट्रोल किंवा थिनर लावलं तर रबर फुगतं. झाकायला घट्ट विणीचं कापड घ्या, जुनं सुती धोतर नको. त्याचेच तंतू आत जातात.

अडॅप्टर हरवला तर व्होल्टसोबत पिनच्या आतल्या टोकाची अधिक-उणे खूणही कीबोर्डच्या मागे पाहूनच नवा घ्या.