मालधक्का गेला, आता त्याचा इतिहास कसा काढायचा?

मी मोजणी खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे आधी नकाशा आणि मग गोष्ट हा क्रम काही सुटत नाही. बार्शी लाइट रेल्वेच्या जुन्या मार्गावरच्या ज्या गावांत मालधक्का, म्हणजे स्टेशनातली माल चढवायची-उतरवायची जागा, पुसला गेलाय, तिथल्या हौशी मंडळींसाठी हे लिहितोय.

शेड शोधू नका, माल शोधा. पत्र्याच्या छपराची आठवण कागद ठेवत नाहीत. पोतं मात्र हललं की भाडं, हमाली, पावती, सगळं कुठेतरी लिहिलं जातं.

आधी तारखांची चौकट पक्की करा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही अडीच फुटी नॅरोगेज १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. १९५४ साली सरकारने ती कंपनीकडून घेतली. आता कोणी सांगितलं की लातूरचा धक्का १९०५ साली पणजोबांनी पाहिला होता, तर चहा प्या, ऐका आणि वहीत लिहू नका. १८८४च्या सोलापूर गॅझेटियरमध्येही ही गाडी सापडणार नाही. त्यासाठी १९७७ची सुधारित आवृत्ती बघा. जुनी आवृत्ती वाचायची ती गाडी येण्याआधीच्या बाजारपेठेसाठी.

मग सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा. बार्शी आणि कुर्डुवाडी ४७ एन क्रमांकाच्या नकाशात येतात, पंढरपूर ४७ ओ मध्ये, लातूर ५६ बी मध्ये. जुनी आवृत्ती मिळवा आणि आजच्या उपग्रह चित्राशेजारी ठेवा. रूळ उखडले तरी प्लॉटच्या हद्दी वळण सोडत नाहीत. चौकोनी प्लॉटांच्या गर्दीत एखादी हद्द उगाच लांबट आणि गोलसर गेलेली दिसली, की तिथून सायडिंग, म्हणजे मुख्य लाइनीतून फुटलेला बाजूचा रूळ, गेलं असावं असा संशय घ्या. एक सावधगिरी मात्र बाळगा. नॅरोगेजची ब्रॉडगेज केली त्या रुंदीकरणात मार्ग धाराशिव शहराकडून नेला. नॅरोगेज त्या शहरात जातच नव्हती. तेव्हा आजच्या रुळांवरून कालची लाइन आखू नका.

जमिनीचे कागद हे माझं आवडतं काम, म्हणून इथे जरा रेंगाळतो. सातबाऱ्यावर रेल्वेचं नाव दिसलं की तिथेच थांबू नका. फेरफार मागे मागे काढत जा, भूसंपादन कधी झालं आणि किती क्षेत्र गेलं ते कळतं. नुसत्या रुळांना लागेल त्यापेक्षा पट्टा रुंद असेल तर ती रुंदी कशासाठी, हा प्रश्न विचारा. बार्शीकडचा भाग मुंबई इलाख्यात होता, येडशी-लातूर निजामाच्या राज्यात. त्यामुळे लातूरकडचे जुने कागद उर्दूत निघतील. तिथे १९५४चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदींचा जुना कागद, हाताशी ठेवा, मराठवाड्यात त्याच्याशिवाय पान हलत नाही. गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयातूनच घ्या, फोटोचा फोटो चालवून घेऊ नका.

जागेवर जाताना टेप न्या. धक्क्याची भिंत वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, तळाच्या हिशेबाने बांधतात. नॅरोगेजची वाघीण ठेंगणी, म्हणून धक्काही ठेंगणा. दगडी कड, बैलगाडी चढायचा उतार आणि कुंपणाला रोवलेले जुन्या रुळांचे तुकडे, या तिन्ही गोष्टी एका ओळीत आल्या तर जागा बहुधा तीच. आसपासच्या गोदामांची दारं रस्त्याकडे आहेत की रुळांकडे, तेही नोंदवा.

माणसांशी बोलताना ‘कोणत्या साली?’ असं विचारू नका. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’ किंवा ‘किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी चालू होता का?’ असं विचारा. मिलो, म्हणजे दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, आठवते का, ती कुठे उतरवली, थप्पी कोण लावायचं, हुंडेकरी, म्हणजे माल वाहून नेण्याचा ठेका घेणारा, कोण होता, तोल कुठे व्हायचा? आडत्यांपेक्षा हमालांकडे आधी जा. आडत्याला भाव आठवतो, हमालाला जागा आठवते. कुर्डुवाडीच्या जुन्या हमालांना तर नक्की गाठा. नॅरोगेजचा माल ब्रॉडगेजमध्ये तिथे पाठीवरून बदलला जायचा, म्हणून तुमच्या गावातून काय जात होतं हे कधीकधी त्यांनाच जास्त ठाऊक असतं. १९६९च्या माथाडी कायद्याच्या अनुसूचीत रेल्वे यार्ड आणि मालधक्के आहेत, तेव्हा जिल्ह्याच्या माथाडी मंडळातही चौकशी करा.

धक्का बंद का पडला, याचं उत्तर गावात ‘ट्रक आले’ एवढंच मिळतं. ते अर्धं खरं. १९८०च्या दशकापासून रेल्वेने सुट्या वाघिणींऐवजी अख्खी गाडी भरून नेण्यावर भर दिला. चार-दोन वाघिणी भरणाऱ्या छोट्या स्टेशनाला त्यात जागा उरली नाही, आणि नॅरोगेजला तर माल बदलण्याचा खर्च वेगळाच.

रेल्वेकडे माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. कुर्डुवाडी-लातूरसाठी सोलापूर विभागाला लिहा. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर काहीच हाती लागणार नाही. स्टेशनचं नाव, यार्डाचा जुना आराखडा आणि मालवाहतूक बंद केल्याचा आदेश, एवढंच मागा. आराखडा आला की त्यावरची मापं आधी फुटांत आहेत का मीटरमध्ये ते बघा, आणि मगच तुमच्या टेपच्या आकड्यांशी ताडा.