गाडीचं ॲव्हरेज: आधी मोजा, मग सुधारा

‘गाडी हल्ली ॲव्हरेज देत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा अंदाजाने केलेली असते. काटा लवकर खाली आल्यासारखा वाटतो, कुणीतरी इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) साफ करून घ्यायला सांगतं आणि खर्च होऊन बसतो. म्हणून सुरुवात मोजण्यापासून.

१. टाकी ते टाकी मोजा

इंधन भरताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथेच थांबा. राउंड फिगरसाठी वर आणखी भरायचं नाही. ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि निम्म्याहून जास्त टाकी संपेपर्यंत नेहमीसारखी गाडी चालवा. मग शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या ऑटो-कटपर्यंत भरा. झालेल्या किलोमीटरना या वेळी भरलेल्या लिटरनी भागा: ४८० किमीला ३२ लिटर लागले, तर ॲव्हरेज १५. नोझल दर वेळी थोडं मागेपुढे बंद होतं, त्यामुळे एका टाकीवर निकाल लावू नका; सलग तीन-चार टाक्यांची सरासरी धरा. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाने काढलेला असतो. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. तुलना आपल्याच मागच्या आकड्याशी करायची.

२. आकडा उलटा करून पाहा

१०० ला ॲव्हरेजने भागलं की १०० किमीला किती लिटर लागतात ते कळतं. ॲव्हरेज १० वरून १२ झालं, तर १० लिटरऐवजी सुमारे ८.३ लिटर पुरतात. २० वरून २२ झालं, तर ५ ऐवजी ४.५. वाढ दोन्हीकडे २ चीच, पण पहिल्या गाडीची बचत दुसरीच्या तिपटीहून जास्त. घरात दोन गाड्या असतील, तर आधी जास्त पिणारीकडे बघा.

३. उजवा पाय सुधारा

खरी बचत इथे आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. इंधन जाळून कमावलेला वेग ब्रेक दाबला की उष्णता होऊन वाया जातो. त्यामुळे समोरच्या गाडीच्या बंपरकडे न बघता तिच्याही पुढचा रस्ता बघा. लांबून लाल सिग्नल दिसला की ॲक्सिलरेटर सोडा, पण गाडी गिअरमध्येच राहू द्या. न्यूट्रल करून गाडी सोडण्याची सवय कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या) जमान्यातली आहे. आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमावर इंधन फवारणाऱ्या गाडीत, गिअरमध्ये असताना पाय काढला आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) पुरेसा असला, की इंधनाचा पुरवठाच बंद होतो. इंजिनाला चाकं फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला इंधन जळतंच, वर उतारावर इंजिनाचा ब्रेकही हातचा जातो. उतारावर इंजिन बंद करणं तर निव्वळ वेडेपणा: ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

हायवेवर हिशोब वाऱ्याचा असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो: ताशी ८० वरून १०० वर गेलात, की तो ५६ टक्क्यांनी वाढतो. वरच्या गिअरमध्ये, इंजिन धडधडू न देता, एकसारख्या वेगाने चला. या वेगाला काचा उघडून हवेला आत घेण्यापेक्षा एसी परवडतो. गल्लीबोळात मात्र उलट. रिकामा रूफ कॅरिअर उगाच वारा अडवतो, काढून ठेवा.

छोट्या फेऱ्या एकत्र करा. थंड इंजिन जास्त इंधन पितं आणि दोन किमीच्या फेरीत ते गरम व्हायच्या आतच बंद होतं.

४. हवा तपासा

टायर थंड असताना, महिन्यातून एकदा तरी. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो धरू नका.

५. कशाच्या मागे लागू नका

साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाडीत महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल ओतून ॲव्हरेज वाढत नाही. एअर फिल्टर वेळेवर बदलावाच, पण आजच्या पेट्रोल गाडीत तो तुंबला तर आधी पिकअप मार खातो, ॲव्हरेज फारसं नाही. टाकीत टाकायच्या जादूच्या बाटल्यांवर मी तरी पैसे घालणार नाही.

६. आकडा एकदम पडला तर

सवयी, रस्ता, हवामान तेच असताना ॲव्हरेज अचानक घसरलं, तर दोष गाडीत शोधा. ब्रेक फार न वापरता थोडं अंतर चाला, थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या (लावू नका). एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल, तर तिथला ब्रेक बहुधा घासतोय. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी पोचतच नसेल, तर थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असू शकतो, म्हणजे इंजिन थंडच राहतं. चेक इंजिनचा दिवा लागला असेल, तर स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचून घ्या. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बिघडला, तरी इंजिन जादा इंधन घेतं. मेकॅनिककडे जाताना टाक्यांच्या नोंदी सोबत न्या आणि ॲव्हरेज नेमकं कोणत्या टाकीपासून पडलं ते दाखवा.