विंडोज 10 चा सपोर्ट संपला, मशीन मात्र चालूच आहे: या चुका टाळा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट (म्हणजे दर महिन्याच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या) संपला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे कॉम्प्युटर नेहमीसारखेच सुरू झाले. घोळ तिथेच झाला. काहीच बंद पडलं नाही, तेव्हा ‘उगाच घाबरवत होते’ असं म्हणून बहुतेकांनी विषय सोडून दिला.

आत काय बदललं ते आधी समजून घ्या. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी (आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते) मायक्रोसॉफ्ट विंडोज 11 च्या सुरक्षेतली भोकं बुजवतं. 10 आणि 11 चा बराचसा पाया एकच आहे. नवी दुरुस्ती बाहेर पडली की ती उसवून ‘आधी काय होतं, आता काय बदललं’ हे शोधणारे लोक जगभर बसलेले आहेत. त्यांना 11 मध्ये काय बुजवलं ते कळतं, म्हणजेच 10 मध्ये काय उघडं राहिलंय तेही कळतं. त्यामुळे जुन्या मशीनचा धोका आहे तेवढाच राहत नाही, दर महिन्याला वाढत जातो.

‘अँटीव्हायरस आहे ना!’

हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. त्याच्या जोडीला ‘डिफेंडरचे (विंडोजमधल्याच अँटीव्हायरसचे) अपडेट 2028 पर्यंत येणार आहेत’ हेही येतं. ते खरं आहे, पण ते अपडेट म्हणजे ओळखीच्या व्हायरसची यादी. विंडोजच्याच भोकातून कुणी आत शिरलं तर ही यादी फारशी कामाला येत नाही. छपराची कौलं निघालीत आणि आपण दाराला नवं कुलूप लावतोय, असला प्रकार.

मे 2017 मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आठवत असेल. ‘लोक एक्सपी वापरत होते म्हणून फटका बसला’ अशी त्याची गोष्ट सांगितली जाते. प्रत्यक्षात लागण झालेली बहुतेक मशीन विंडोज 7 ची होती. तेव्हा 7 चा सपोर्ट चालू होता आणि दुरुस्ती मार्चमध्येच, म्हणजे हल्ल्याच्या दोन महिने आधी, आलेली होती. लोकांनी ती घातलीच नव्हती. ‘अपडेट आलं की मशीन स्लो होतं’ म्हणून अपडेट बंद करून घेणाऱ्यांनी स्वतःपुरता सपोर्ट आजच संपवलेला असतो.

मुदतवाढ मिळत असताना न घेणं

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवून दिली. तीस डॉलर भरून ती मिळते, पण विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकटही मिळते. ‘फुकट म्हणजे आपले सगळे फोटो त्यांच्याकडे जाणार’ ही समजूत चुकीची आहे. फोटो-फायलींचे पर्याय बंद ठेवून नुसत्या सेटिंग्ज चढवल्या तरी चालतं.

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ दिसत नसेल, तर बहुतेकदा कारण यांपैकी एक असतं. पहिलं, आवृत्ती 22एच2 (विंडोज 10 ची शेवटची) नाही; विंडोज की आणि आर दाबून ‘विनव्हर’ (winver) टाइप केलं की ती कळते. दुसरं, जुनी अपडेट अडकलेली आहेत. ती आधी संपवा. तिसरं, तुमचं खातं ॲडमिनचं नाही. पुढच्या पायरीला मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करावंच लागतं. पैसे भरले तरी त्यातून सुटका नाही. ऑफिसच्या डोमेनला (कंपनीच्या सर्व्हरच्या ताब्यातल्या नेटवर्कला) जोडलेलं मशीन असेल तर ही योजना त्याच्यासाठी नाही.

तपासणी न करताच नवा लॅपटॉप

‘तुमचं मशीन विंडोज 11 ला चालत नाही’ असा संदेश दिसला की दुकानदार नवा माल दाखवायला लागतो. थांबा. प्रोसेसरचं नाव बघा. इंटेलमध्ये ‘आय5-8250यू’ असं लिहिलं असेल तर रेघेनंतरचा 8 म्हणजे आठवी पिढी, आणि तिथून पुढचे प्रोसेसर साधारणपणे चालतात. ‘आय5-7200यू’ असेल तर नाही. एएमडीत अपवाद बरेच आहेत, तेव्हा मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून बघा.

प्रोसेसर चालणारा असूनही नकार येत असेल, तर बऱ्याचदा टीपीएम (11 ला लागणारी सुरक्षेची सोय) फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी या नावाने आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने सापडतं. चालू करा, काम झालं.

मात्र बायोसमध्ये गेलोच आहोत तर लेगसी मोड (मशीन सुरू होण्याची जुनी पद्धत) बदलून यूईएफआय (नवी पद्धत) करून टाकू, हा मोह आवरा. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असली की पुढच्या वेळी काळ्या स्क्रीनवर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ एवढंच दिसतं आणि माणसाला वाटतं, डेटा गेला. डेटा कुठेही गेलेला नसतो. बायोसमध्ये परत लेगसी करा, मशीन पहिल्यासारखं उठेल. मग बॅकअप घेऊन, विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर2जीपीटी या टूलने डिस्कची मांडणी बदला आणि त्यानंतर मोड बदला. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी त्याची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मशीनने ती ऐन वेळी मागितली आणि जवळ नसली तर डेटा खरोखरच गेला.

कसंतरी करून 11 बसवून घेणं

तपासणीला बगल देऊन न चालणाऱ्या मशीनवरही 11 बसवता येतं. बसवणारा पैसे घेऊन जातो आणि वर्षभराने कळतं की अशा मशीनवर पुढची वार्षिक आवृत्ती आपोआप येत नाही. 11 च्याही प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. 23एच2 च्या होम आणि प्रोची मुदत 11 नोव्हेंबर 2025 ला संपली, म्हणजे विंडोज 10 नंतर महिन्याभरातच. जुन्या कोअर 2 ड्युओवर तर 24एच2 ही त्यापुढची आवृत्ती सुरूच होत नाही.

‘2032 पर्यंत चालणारी विंडोज 10’ म्हणून बाजारात जी फिरते ती आयओटी एलटीएससी ही खास आवृत्ती. ती खरी आहे, पण यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपन्यांसाठी. पाचशे रुपयांत मिळते ती क्रॅक मारलेली असते आणि तो क्रॅक चालवताना आधी डिफेंडर बंद करायला सांगतात. एवढ्यावरूनच काय ते समजून घ्या.

नुसतं ब्राउझर, यूट्यूब आणि मेलपुरतं मशीन असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाका. माझ्या मते घरच्या जुन्या मशीनला यापेक्षा चांगला उपाय नाही. पण जीएसटीसाठी डिजिटल सिग्नेचरचं टोकन किंवा टॅली रोज लागत असेल, तर त्या वाटेला जाऊ नका.

जुनं ठेवायचंच, पण नेटवर

काही मशीन बदलता येत नाहीत हे मान्यच केलं पाहिजे. आपल्याकडे डीटीपीवाल्यांची दुकानं बघा. एक्सपी, पेजमेकर, जुन्या श्रीलिपीतल्या (युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधल्या) हजारो पत्रिका आणि मागे खोचलेला सॉफ्टवेअरच्या परवान्याचा डोंगल. हे चालतंय तोवर चालवावं, त्यात लाज नाही. चूक होते ती इंटरनेटची वायर तशीच ठेवण्यात. वायर काढा, वाय-फायचा अडॅप्टर डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करा, व्हॉट्सॲप आणि मेल दुसऱ्या मशीनवर ठेवा.

पण खरी गडबड यापुढे होते. एक्सपीवरची शेअर केलेली फोल्डर विंडोज 11 वरून उघडत नाहीत. ‘एसएमबी1 लागतं’ असा संदेश येतो; एसएमबी1 म्हणजे नेटवर्कवर फोल्डर शेअर करण्याची जुनी पद्धत. मेकॅनिक येतो आणि नव्या मशीनवर एसएमबी1 चालू करून देतो. फोल्डर उघडतात, सगळे खूश. वॉनाक्राय ज्या दारातून आला ते दार हेच. नवं मशीन घेऊन ते जुन्याच्या पातळीला आणून ठेवायचं, असा हा व्यवहार. त्यापेक्षा फायली पेनड्राइव्हने न्या-आणा, आणि तो पेनड्राइव्ह दर वेळी आधी नव्या मशीनवर स्कॅन करा.

एक कमकुवत मशीन सगळ्या नेटवर्कला कसं भोवतं ते उरणजवळच्या जेएनपीटी बंदराने 2017 च्या जूनमध्ये पाहिलं. नॉटपेट्या नावाचा व्हायरस मार्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला आणि इथल्या तिच्या टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. अपडेट केलेली मशीनसुद्धा त्यात सापडली, कारण तो आत शिरल्यावर पासवर्ड चोरून पुढे सरकत होता. रिझर्व्ह बँकेलाही 2018 मध्ये एटीएममधली एक्सपी काढण्यासाठी बँकांना तारखा घालून द्याव्या लागल्या होत्या.

त्या डीटीपीच्या मशीनबद्दल शेवटचं. व्हायरसच्या आधी त्याची हार्ड डिस्कच जाण्याची शक्यता जास्त. तिची हुबेहूब क्लोन कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा, ती डिस्क लावून मशीन एकदा सुरू करून बघा, आणि जो मजकूर पुन्हा पुन्हा लागतो तेवढा तरी युनिकोडमध्ये करून नव्या मशीनवर आणून ठेवा.