वाटेवर आडवं पडलेलं झाड कसं तोडावं, आणि त्याचं जळण कसं करावं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात झाडं दोन तऱ्हेनं पडतात. वळवाच्या वाऱ्यात बहुधा बुंधा किंवा मोठी फांदी मोडते. जांबोटी-कणकुंबीकडचा जुलैचा पाऊस माती भिजवून टाकतो, तेव्हा अख्खं झाड मुळासकट उपटतं. तोडायची पद्धत दोन्हींची वेगळी.

हत्यार उचलण्याआधी झाड कुणाचं ते बघा. राखीव जंगलात किंवा भीमगड अभयारण्यात पडलेलं, वाळलेलं लाकूडही वनखात्याचं असतं. गार्डला कळवा, तो सांगेल तेवढंच कापा. मालकीच्या जमिनीतलं झाड असलं तरी कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. परवान्याचं आधी विचारून घ्या. फांद्यांत विजेची तार गुंतली असेल तर लांब थांबा आणि हेस्कॉमला, म्हणजे इथल्या वीज कंपनीला, १९१२ वर फोन करा. तार मेलेली दिसते म्हणून ती मेलेली असतेच असं नाही.

सामान: धारदार कुऱ्हाड, कोयता, करवत, कठीण लाकडाच्या दोन-तीन पाचरी, पहार, दोर. जाड बूट आणि डोळ्यांवर चष्मा. साखळीकरवतीचं मशीन असेल तर कानालाही काहीतरी हवं. एकट्यानं जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. पडलेल्या खोडाचं वजन कुठं टेकलंय आणि कुठं ताण आलाय, हे कापण्याआधी ओळखायचं. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मधे अधांतरी असेल, तर वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. सरळ वरून कापत गेलात की चीर मिटते आणि करवत अडकून बसते. म्हणून वरून जाडीच्या साधारण एक तृतीयांश कापा, मग खालून वर या. हातकरवतीनं खालून कापणं जिकिरीचं. अशा वेळी वरच्या चिरेत पाचर ठोका आणि वरूनच पुढं जा.

एकच टोक टेकलेलं आणि दुसरं हवेत असेल तर उलटं: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. खालची चीर न देता वरून कापलं, तर शेवटच्या दोन-तीन बोटांत फांदी तुटते आणि खोडाचा लांब फाळका ओरबाडून नेते.

दोन झाडांच्या मधे अडकून धनुष्यासारखं वाकलेलं खोड सगळ्यांत वाईट. ते सुटताना फुगीर बाजूकडं झेपावतं, म्हणून वाकाच्या आतल्या बाजूला उभे राहा. आधी आतून उथळ चीर द्या, मग बाहेरून थोडं थोडं कापत ताण हळू सोडा.

उपटलेल्या झाडाच्या मुळांचा गड्डा मातीसकट उभा असतो. खोड तोडलं की त्याच्यावरचं वजन जातं आणि गड्डा खाडकन परत खड्ड्यात बसू शकतो, किंवा पुढंही कोसळू शकतो. खड्ड्यात किंवा गड्ड्यामागं कुणी, विशेषतः पोरं, उभी नकोत. गड्डा दोरानं मागच्या झाडाला बांधा आणि बुंध्याकडं चार-पाच फूट खोड सोडून कापा. उतारावर नेहमी वरच्या अंगाला उभं राहायचं. ओंडका खाली घरंगळतो.

क्रम असा: आधी कोयत्यानं पायाखालचं झुडूप काढून मागं पळायला वाट करा, मग बारीक फांद्या, शेवटी खोड. ज्या फांदीवर खोड टेकलंय ती मात्र शेवटपर्यंत राहू द्या. ढोलीत हात घालण्याआधी काठी घाला, पावसात साप तिथं चढतात. बिब्ब्याचं झाड असेल तर लांबच राहा. चीक लागला की फोड येतात आणि त्याचं जळणही नको, धूर बाधतो. वाट चार-पाच फूट मोकळी झाली की पुरे. ओंडके दरीच्या अंगाला लोटा, पण नाल्यात किंवा मोरीत नाही.

मशीनच्या पात्याच्या टोकानं कापू नका, टोक टेकलं की मशीन उसळून तोंडावर येतं. बऱ्याच मशीनला एक लिटर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक तेल लागतं, तरी पुस्तिकेतलं प्रमाण बघून घ्या. मशीनमधून ढलप्यांऐवजी भुकटी पडू लागली की धार गेली असं समजा. तांबड्या मातीला साखळी दोनदा घासली तरी एवढं होतं.

जळणासाठी तुकडे चुलीला एक-सव्वा फुटाचे, न्हाणीच्या चुलीला थोडे लांब. शक्यतो ओलं असतानाच फोडा. निलगिरी वाळल्यावर पिळवटते आणि कुऱ्हाड गिळते. घाव मधोमध न घालता कडेकडेनं घाला, गाठ शेवटाला ठेवा. मनगटाएवढी फाकं करून दोन आडव्या ओंडक्यांवर रचा, वर पत्रा टाका, बाजू उघड्या सोडा. सगळीकडून ताडपत्री गुंडाळली की आतून बुरशी धरते. पावसात फोडलेलं लाकूड दिवाळीनंतरच्या उन्हातच खरं वाळतं. दोन फाकं एकमेकांवर आपटून बघा: वाळलेलं खणखणतं, ओलं बद्द वाजतं. चुलीत घातल्यावर टोकाला फेस येऊन पाणी सुटत असेल, तर ते फाक काढून परत पत्र्याखाली ठेवा.