मित्रांसोबत कादंबरीचं कथानक रचताय? या चुका टाळा

गणपतीत किंवा मे महिन्यात चाकरमानी कोकणात गावी आले, की रात्री खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून कादंबरीचे बेत होतात. चार-पाच जणांत वीसेक कल्पना सहज निघतात. आठवड्याने वही उघडावी तर त्यातल्या दोनही उभ्या राहत नाहीत. कल्पना टाकाऊ असतात असं नाही. बैठक भलत्याच पद्धतीने चालते, आणि सुचलेलं जागेशी, काळाशी कुणी ताडून पाहत नाही.

बसल्या बसल्या बोलायला लागणं

येल विद्यापीठात १९५८ साली एक प्रयोग झाला. चौघांच्या गटाने एकत्र बसून काढलेल्या कल्पना एकीकडे आणि चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पनांची बेरीज दुसरीकडे, अशी तुलना केली तेव्हा बेरीज जड भरली. कारण साधं आहे. दुसरा बोलत असतो तोवर आपल्याला सुचलेलं निसटतं, आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्याच कल्पनेमागे सगळे जातात.

म्हणून पहिली पंधरा मिनिटं कुणी तोंड उघडायचं नाही. प्रत्येकाने पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर पाच कल्पना लिहायच्या, एका कागदावर एकच, नाव न घालता. मग सगळे कागद पिसून एकाने मोठ्याने वाचायचे. नाव नसलं की ‘ही बंड्याची, म्हणजे विनोदी असणार’ हा प्रकार बंद होतो. चर्चा धरून दीड तास पुरतो, त्यापुढे नुसता चहा होतो.

टिपणं एकानेच घ्यावीत आणि त्या रात्री त्याने वाद घालू नये. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून निर्धास्त होऊ नका. दीड तासाचं रेकॉर्डिंग पुन्हा कुणी ऐकत नाही.

प्रसंगालाच कथानक समजणं

‘तुफानात होडी उलटते’, ‘माळ्यावरच्या पेटीत आजोबांचं पत्र सापडतं’ हे प्रसंग झाले. कागदावर चार गोष्टी आल्याशिवाय त्याला कथाबीज म्हणू नये: माणूस कोण, त्याला काय हवंय, आडवं कोण येतंय आणि हवं ते मिळालं नाही तर त्याचं काय जातं. चौथी गोष्ट बहुतेक कागदांवर नसते. होडी उलटली, ठीक. पण ती कर्जावर घेतलेली होती का? तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणून मेव्हण्याला नेलं होतं का? तिथून पुढे गोष्ट चालायला लागते.

दोन प्रसंगांमध्ये ‘आणि मग’ येत असेल तर सांधा कच्चा आहे. तिथे ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतं का ते पाहा. गटात एखादा मालवणी माणूस असेल तर त्याला एकच काम द्यावं, प्रत्येक वळणावर विचारायचं: ‘ता सगळा खरा, पण तो थंय गेलो कित्याक?’ (ते सगळं खरं, पण तो तिथे गेला कशाला?) उत्तर आलं नाही तर कागद बाजूला.

बैठकीतच संवाद म्हणायला लागणं

यात मजा फार येते आणि वेळही त्याहून फार जातो. दशावतारात लिखित संहिता नसते, नट रंगपटात आख्यान ठरवतात आणि संवाद ऐनवेळी उभे करतात, हे खरं. पण तिथे मूळ कथा पुराणातली असते, ती नटाला आणि प्रेक्षकाला आधीच पाठ असते. तुमच्याकडे मूळ कथाच अजून नाही. पात्राची बोली ठरवायला दोन वाक्यं म्हणून पाहा, तेवढं बस्स. आणि कोकण म्हणजे सगळीकडे मालवणी नव्हे. रायगडच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी बोलतात, संगमेश्वराकडे संगमेश्वरी. श्रीवर्धनच्या कोळणीच्या तोंडी मालवणी ‘गेलंय, खाल्लंय’ घातलंत तर जाणता वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटेल.

समुद्राला न विचारणं

सगळ्यात जास्त कथानकं इथे बुडतात. नेहमीची कल्पना घ्या: पौर्णिमेची मध्यरात्र, ओहोटी लागलेली, नायिका खाडी चालत ओलांडते आणि पलीकडे तिला प्रेत दिसतं. चित्र सुंदर आहे, फक्त तसं होत नाही.

कोळी लोकांचा ढोबळ हिशेब असा: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आसपास. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या बाजूचा. दक्षिणेला मालवणकडे जाल तशी भरती आणखी लवकर येते, म्हणून आपल्या गावची नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पडताळावी. म्हणजे पौर्णिमेच्या मध्यरात्री खाडी तुडुंब असते. बरं, प्रसंग अष्टमीवर ढकलला तर? तेव्हा मध्यरात्री ओहोटी असते खरी, पण ती भांगाची, म्हणजे लहान. पाणी पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखं खोल ओसरत नाही आणि मधला प्रवाह चालत ओलांडण्याइतका उथळ होत नाही. वर शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळायला आलेला असतो, म्हणजे चांदणंही गेलं.

मग मार्ग काय? पौर्णिमा ठेवा, वेळ बदला. मोठी ओहोटी पहाटे सहाच्या सुमारास येते. पण त्या वेळी खाडीत तिसऱ्या आणि कालवं ही शिंपली काढायला बायका उतरलेल्या असतात. नायिकेला जाताना त्यांनी पाहिलं. झाली साक्षीदार तयार, आणि ती गावातलीच, बहुधा नात्यातली. ती पोलिसांना काय सांगेल? भरतीचा तक्ता पाहिल्यावर मूळ कल्पनेपेक्षा चांगली कल्पना हाती लागली.

तीच गोष्ट मासेमारीची. जुलैमध्ये ट्रॉलर समुद्रात पाठवताय? महाराष्ट्रात सध्या १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, बिनयांत्रिक होडीला ती लागू नाही. तुमचा नायक बंदी मोडून गेला असेल तर ते आधीच ठरवा, त्याला कुणी जाऊ दिलं हेही ठरवा.

काकाने परस्पर घर विकलं

कोकणातल्या कादंबरीच्या दहापैकी सात बैठकींत हा काका येतो. जमीन सामायिक असेल तर सातबाऱ्यावर नावांची रांग असते, आणि काका फार तर स्वतःचा अविभक्त हिस्सा विकू शकतो. सगळी विकायची तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात, त्यात अंधेरीची आत्याही आली. शेतजमीन असेल तर घेणाराही साधारणपणे शेतकरीच लागतो, त्यामुळे बाहेरून आलेला धनाढ्य बिल्डर पहिल्याच दिवशी खरेदीखत करत नाही. त्याला गावातला माणूस पुढे करावा लागतो. तो कोण, इथे तुमचा खलनायक लपलेला आहे.

कथा कोणत्या सालची, हे इथे फार महत्त्वाचं. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. कुळकायद्याने कसणारी बरीच कुळं त्या तारखेपासून मालक मानली गेली. त्याआधीचा खोत, म्हणजे गावचा जमीनदार, आणि त्यानंतरचा खोत यांचा रुबाब एकसारखा लिहू नका. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. २०१५ मधल्या आत्याला ‘तुझा काय संबंध’ म्हणणारा काका चालेल, पण आत्याकडे वकील असायला हवा.

सालाच्या आणखी दोन चुका वरचेवर दिसतात. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा १९८५ चा चाकरमानी कणकवलीला एसटीनेच उतरेल. आणि १ मे १९८१ आधी सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. वेंगुर्ल्याच्या माणसाला कलेक्टर कचेरीसाठी रत्नागिरी गाठावी लागे. अख्खा दिवस जायचा. तो प्रवासच एक प्रकरण होऊ शकतो.

अडलं की देवचार

शेवट सुचत नाही म्हणून देवचार, राखणदार, वेताळ अशी गावची भुतं-दैवतं किंवा झपाटलेली बाव (विहीर) आणू नका. आणायचे तर पहिल्या तीन प्रकरणांत आणा आणि त्यांचे नियम ठरवा: कुणाला दिसतो, कशाने कोपतो, काय मागतो. गाऱ्हाणं (देवापुढची विनवणी) आणि कौल (देवाकडून घेतलेलं उत्तर) यांचा उपयोग मला त्याहून चांगला वाटतो, कारण कौल माणसं लावतात, आणि डावा-उजवा कौल कुणाच्या सोयीचा होता यावर गावात वीस वर्षं भांडण चालू शकतं.

हात वर करून निवड

मतदानात सगळ्यांना थोडी थोडी आवडलेली, म्हणजे गुळमुळीत कल्पना जिंकते. जो लिहिणार आहे त्यालाच निवडू द्या. दोघं मिळून लिहिणार असतील तर प्रकरणं कशी वाटायची आणि मुखपृष्ठावर कुणाचं नाव आधी, हे कागदावर उतरवून सह्या करा. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच स्पष्ट केलंय. हक्क असतो तो लिहिलेल्या मजकुरावर. त्यामुळे खळ्यात ‘ही आयडिया माझी’ म्हणणाऱ्याने कागद घरी नेऊन निदान पहिलं प्रकरण लिहावं. उरलेले कागद फेकू नका. तारीख घालून पाकिटात ठेवा आणि पुढच्या बैठकीत सुरुवातीची पंधरा मिनिटं संपल्यावरच उघडा, आधी उघडलंत तर नवीन काही सुचणार नाही.