इंदूरच्या थंडीत सायकलवर काय घालावं

शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं, कौतुक रजईत बसून करावं. पहाटे सहाला सायकल काढणाऱ्याला तिची हुडहुडी तेवढी भेटते. जानेवारीत आपल्याकडे पहाटे ८-१० अंश असतात आणि दुपारी थेट २५. चार तासांच्या राइडमध्ये दोन ऋतू उरकतात. त्यामुळे कपडा घेताना मी आधी एवढंच बघतो, की वाटेत काढला तर जर्सीच्या मागच्या खिशात मावेल का.

१. आकडे बघा

आदल्या रात्री फोनवर निघायच्या आणि परतायच्या वेळेचं तापमान बघून ठेवा. त्यात वाराही धरा: ८ अंशांत ताशी २५ किलोमीटरनं गेलात, तर उघड्या कातडीला ते ४ अंशांसारखं लागतं. तरी शहराबाहेर राऊ येईपर्यंत अंग तापतंच. दारातच छान उबदार वाटलं, तर एक कपडा जास्त झालाय असं समजा. (हे आईला पटवायच्या भानगडीत पडू नका. कानटोपी मुकाट्यानं खिशात टाका आणि निघा.)

२. अंगाशी सुती नको

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी सुती बनियन आणि वर जाड हुडी घालून महूच्या पुढे जानापावला गेलो. चढावर घामानं निथळलो, वर मंदिरापाशी दहा मिनिटं टेकलो. उतरताना ती ओली बनियन पाठीला अशी काही चिकटली, की ब्रेकवरचे हात थरथरायला लागले. कापूस घाम धरून ठेवतो, आणि तो घाम सुकताना अंगातली ऊब घेऊन जातो.

म्हणून आत पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा पातळ, अंगासरसा बेस लेयर, त्यावर जर्सी, आणि सगळ्यात वर बिनबाह्यांचं विंडचीटर. छातीला वारा अडवणारं कापड आणि पाठीला जाळी असलेलं मिळालं तर उत्तम. झिप पुढून पूर्ण उघडणारी हवी: चढ लागायच्या आधी उघडायची, माथ्यावर थांबून बंद करायची. विंडचीटर घरी राहिलं, तर वर्तमानपत्र आहेच. टूर द फ्रान्सचे जुने स्वार घाटमाथ्यावर बघ्यांकडून पेपर घेऊन जर्सीखाली छातीवर सारायचे. कालची नईदुनिया तेच काम करते, वर खाली आल्यावर पोह्यांखाली धरायलाही होते.

३. बाह्या आणि गुडघे

पूर्ण बाह्यांची वेगळी जर्सी घेऊ नका. आर्म वॉर्मर, म्हणजे नुसत्या चढवायच्या बाह्या घ्या, नऊ वाजता काढून टाकता येतात. गुडघ्यांवर चढवायच्या नी वॉर्मरच्या बाबतीत मात्र चिक्कूपणा नको. गुडघ्यावर मांस कमी, आणि वारा थेट त्याच्यावरच. १५ अंशांखाली गुडघे झाकायचेच. वॉर्मरची वरची कड शॉर्ट्सच्या आत सारा, म्हणजे तो घसरत नाही. आणि पॅडच्या शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालायचं नसतं, थंडीतही नाही.

४. बोटं, पाय, कान

हातमोजे पूर्ण बोटांचे हवेत, पण इतके जाड नकोत की गिअर बदलल्याचं कळू नये. दुकानातच ब्रेक दाबून बघा. बुटांच्या पुढच्या जाळीवर चिकटपट्टी लावली तरी बरंच भागतं. दोन जोड मोजे कोंबू नका. बूट आवळला की रक्त खेळत नाही आणि बोटं जास्तच गारठतात. कानांना हेल्मेटखाली पातळ पट्टी पुरे. जाड कानटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, तेव्हा ती खिशातच राहू द्या.

५. रंग

जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) ट्रक त्याची वाट बघत नाहीत. काळं विंडचीटर कितीही रुबाबदार दिसलं तरी पिवळं किंवा नारिंगी, चमकपट्टीवालं घ्या. मागे लाल दिवा हवाच.

नवे कपडे आधी सुपर कॉरिडॉरवर तासभर घालून बघा. आणि परतताना छप्पन दुकानला पोहे-जिलेबीसाठी थांबणार असाल, तर खिशातलं विंडचीटर रांगेत उभं राहण्याआधीच चढवा.