‘प्रगती’चे मूळ कसे शोधावे: शब्दाची फोड करण्याची एक रीत

मुलांच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून आपण सही करतो, तेव्हा आपले सगळे लक्ष गुणांकडे असते. मुखपृष्ठावरच्या पहिल्या शब्दात एक चित्र दडलेले आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. पुढे जाणे ही कल्पना कोणत्या भाषेने पावलावरून घेतली, कोणी चढणीवरून, कोणी फुलण्यावरून, तर कोणी रस्ता तोडून काढण्यावरून. ही चित्रे शोधण्याची जी रीत मी विद्यार्थ्यांबरोबर गेली काही वर्षे वापरत आलो आहे, ती येथे मांडतो. एक जाड वही, दोन-तीन कोश आणि थोडा धीर एवढे साहित्य त्यासाठी पुरेसे आहे. नागपुरात राहणाऱ्याला एक जादा सोय आहे, ती म्हणजे घरात मराठी, बाजारात हिंदी, मोमिनपुऱ्याच्या पाट्यांवर उर्दू आणि ओळखीपाळखीत तेलुगू बोलणारी माणसे. त्यामुळे परक्या शब्दांचे नातलग शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

आरंभ नेहमी आपल्याच शब्दापासून करावा. ‘प्रगती’ सुटा लिहिताना आपण शेवटचे अक्षर दीर्घ लिहितो, पण ‘प्रगतिपुस्तक’ या समासात तेच ऱ्हस्व होते. शुद्धलेखनाचा हा नियम शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे, याची खूण आहे, आणि तशी खूण मिळाली की शब्द उपसर्ग, धातू आणि प्रत्यय अशा तीन भागांत मोडता येतो का, ते पाहावे. येथे ‘प्र’ म्हणजे पुढे, ‘गम्’ म्हणजे जाणे आणि ‘ति’ हा भाववाचक नाम घडवणारा प्रत्यय. ‘गम्’मधला ‘म्’ कुठे गेला, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर पाठ करून घेण्याऐवजी शेजारचे शब्द एकाखाली एक लिहून दाखवावेत: गम् आणि गति, नम् आणि नति, रम् आणि रति, मन् आणि मति. धातूच्या शेवटचे अनुनासिक या प्रत्ययापुढे गळते, हे अशा चार ओळी पाहिल्या की आपोआप कळते आणि मग विसरत नाही.

फोड बरोबर झाली की नाही, हे तपासण्यासाठी अदलाबदल करून पाहावी. धातू तोच ठेवून उपसर्ग बदलावा, मग उपसर्ग तोच ठेवून धातू बदलावा. ‘उन्नती’तला ‘नम्’ म्हणजे वाकणे, हे ‘नमस्कार’ आणि ‘अवनती’ शेजारी ठेवल्यावर दिसते. म्हणजे उन्नती ही वाकलेल्या गोष्टीची वर उठण्याची क्रिया आहे. ‘उत्कर्ष’ मात्र ‘कृष्’ म्हणजे ओढणे या धातूचा आहे. आकर्षण आणि अपकर्ष त्याचेच, आणि नांगर ओढण्यावरून झालेली ‘कृषी’ही त्याचीच. ज्याला आपण उत्कर्ष म्हणतो, त्यात कोणीतरी जोर लावून वर ओढत आहे, असे ते चित्र आहे, आणि मला ते उन्नतीपेक्षा अधिक खरे वाटते. ‘विकास’ याहून अगदी निराळा आहे. तेथे जाणेही नाही आणि ओढणेही नाही, कमळ उमलावे तसे उघडणे आहे. इंग्रजी ‘डेव्हलपमेंट’ ज्या फ्रेंच शब्दातून आला, त्याचा मूळ अर्थ गुंडाळलेले उलगडणे असा आहे, आणि ‘एन्व्हलप’ म्हणजे पाकीट हा त्याचाच भाऊबंद. जर्मनमधील ‘एंटविक्लुंग’ही गुंडाळी सोडण्याचीच क्रिया दाखवतो.

इंग्रजीशी तुलना करताना मात्र जपावे. ‘प्रगती’ आणि ‘प्रोग्रेस’ एकाखाली एक लिहिले की दोन्हींचा आरंभ सारखा दिसतो, अर्थ सारखा आहे आणि मधोमध ‘ग’ही आहे, त्यामुळे हा एकच शब्द असावा, असे मी स्वतः बरीच वर्षे मानत होतो आणि वर्गात तसे सांगतही होतो. ते अर्धेच खरे आहे. संस्कृतातील ‘प्र’ आणि लॅटिनमधील ‘प्रो’ हे सख्खे भाऊ आहेत, यात शंका नाही. पण ‘ग्रेस’ हा भाग लॅटिनच्या ‘ग्रादी’ म्हणजे पाऊल टाकणे या क्रियापदाचा आहे, आणि ‘ग्रादुस’ म्हणजे पाऊल किंवा पायरी. त्याचा ‘गम्’शी काही संबंध नाही. ‘गम्’चे खरे इंग्रजी नातलग म्हणजे ‘कम’ हे साधे क्रियापद, आणि लॅटिनमार्गे आलेले ‘इव्हेंट’ व ‘कन्व्हेन्शन’. ‘ग्रादुस’चे नातलग मात्र आपल्या रोजच्या बोलण्यात भरपूर आहेत: ग्रेड, डिग्री, ग्रॅज्युएट आणि काँग्रेस.

हा शेवटचा शब्द नागपुरात समजावून सांगणे फार सोपे जाते. मेट्रोच्या नारंगी मार्गावर झिरो माइलहून निघालेली गाडी सीताबर्डीला थांबून काँग्रेसनगरला पोचते. ‘काँग्रेस’ म्हणजे लॅटिनच्या हिशेबाने एकत्र पावले टाकत येणे. ‘माइल’ हा ‘मिल्ले पास्सूस’ म्हणजे हजार पावले यातून आला. दोन स्थानकांच्या नावांत दोन वेगवेगळ्या धातूंची पावले आहेत, आणि मधल्या प्रवासाला पाच मिनिटेही लागत नाहीत. डिसेंबर 1920 मध्ये राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, अधिवेशन नागपुरात भरले. असहकाराच्या ठरावामुळे ते सर्वांना ठाऊक असते, पण काँग्रेसच्या प्रांतिक समित्या भाषावार रचण्याचे तत्त्वही तेथेच स्वीकारले गेले, हे भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये.

येथे वहीच्या पानावर दोन स्वतंत्र रकाने आखावेत. एकाला ‘नाते’ म्हणावे आणि दुसऱ्याला ‘चित्र’. दोन शब्द एकाच मुळातून निघाले असतील, तर त्यांची नोंद पहिल्या रकान्यात होईल. मूळ वेगळे असून कल्पना तीच असेल, तर दुसऱ्यात. ‘आक्रमण’ आणि ‘अग्रेशन’ हे दुसऱ्या रकान्याचे उत्तम उदाहरण आहे. संस्कृतातील ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे आणि ‘आ’ म्हणजे कडे. लॅटिनमध्ये ‘आद्’ म्हणजे कडे आणि पुढे तेच ‘ग्रादी’. दोन भाषांनी परस्परांना न विचारता चाल करून जाण्याचे एकच चित्र काढले. हे दोन रकाने वेगळे ठेवले नाहीत, तर सारखेपणा दिसेल तेथे नाते जोडण्याची खोड लागते, आणि ती एकदा लागली की सुटणे कठीण असते.

अरबी शब्दांची फोड वेगळ्या हाताने करावी लागते. तेथे उपसर्ग-प्रत्यय सोलण्यापेक्षा तीन व्यंजने हाती लागतात का, हे आधी पाहावे. प्रगतीला अरबीत ‘तकद्दुम’ म्हणतात. स्वर बाजूला काढावेत, आरंभीचा ‘त’ हा साच्याचा भाग म्हणून सोडावा, दुहेरी झालेला ‘द’ एकदाच मोजावा, उरले क-द-म. आता मराठीत हा सांगाडा कोठे भेटतो, ते आठवावे. सकाळी झाडलोटीच्या कामावर हजेरी घेणारा ‘मुकादम’ याच मुळाचा आहे, कारण अरबी ‘मुकद्दम’ म्हणजे पुढे ठेवलेला, अग्रभागी नेमलेला. हिंदीतील ‘कदम’ म्हणजे पाऊल, तोही याच घरचा. मात्र ‘कदम’ हे आडनाव या ओळीत लिहू नये, कारण ते कदंब घराण्याशी जोडले जाते आणि अरबी पावलाशी त्याचा संबंध लावण्याला केवळ उच्चाराचाच आधार आहे. हिंदी-उर्दूत रुळलेला ‘तरक्की’ हाही अरबी शब्द आहे, पण त्याचे मूळ चढणे या अर्थाचे आहे. बढती मिळालेल्या माणसाला ‘तरक्की हुई’ म्हणतात, तेव्हा तो पुढे गेलेला नसतो, एक पायरी वर चढलेला असतो. तुर्कस्तानातील ‘इत्तिहाद व तरक्की’ या पक्षाच्या नावात, म्हणजे ऐक्य आणि प्रगती यांत, हाच शब्द होता.

फारसीची रीत पुन्हा आपल्या ओळखीची आहे, कारण ती भाषा संस्कृताची नातलग आहे. ‘पेशरफ्त’ म्हणजे प्रगती. ‘पेश’ म्हणजे पुढे आणि ‘रफ्त’ म्हणजे गेला, ज्यातून ‘रफ्तार’ झाला. ‘पेश’ म्हटल्यावर मराठी माणसाला ‘पेशवा’ आठवल्याशिवाय राहत नाही, आणि ती आठवण बरोबर आहे: पेशवा म्हणजे पुढे असणारा, म्होरक्या. आगाऊ रक्कम या अर्थाचा ‘पेशगी’ही त्याच शब्दातून आला. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी मंत्र्यांच्या फारसी पदव्यांना संस्कृत नावे दिली आणि पेशव्याला ‘मुख्य प्रधान’ म्हटले. ‘प्रधान’ची फोड करून पाहावी: ‘प्र’ म्हणजे पुढे आणि ‘धा’ म्हणजे ठेवणे. शब्द बदलला, भाषा बदलली, पण चित्र तेच राहिले. त्याच ओळीत ‘पुरोहित’ लिहावा, म्हणजे पुढे ठेवलेला. त्याखाली ‘मुकादम’ आणि शेवटी आपला अस्सल मराठी ‘पुढारी’. यज्ञ, दरबार, मजुरांची टोळी आणि निवडणूक अशा चार ठिकाणची ही माणसे वहीच्या एका पानावर शेजारी बसलेली पाहून मला आजही आनंद होतो.

पुढे म्हणजे नेमके कोणीकडे, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. संस्कृतात ‘पूर्व’ म्हणजे समोरची दिशा, आणि ‘पूर्व’ म्हणजे आधीचा काळही. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की पूर्व समोर येते आणि उजवा हात दक्षिणेला. ‘दक्षिण’ शब्दाचा उजवा हा अर्थ त्यातलाच. हिब्रू भाषेत ‘केदेम’ या एकाच शब्दाचे समोर, पूर्व दिशा आणि प्राचीन काळ असे तिन्ही अर्थ होतात, आणि आधुनिक हिब्रूत प्रगतीला ‘किदमा’ म्हणतात. हे मूळ अरबीच्या क-द-म याच्याशी एकच आहे, म्हणूनच अरबीत ‘कदीम’ म्हणजे जुनाट. जुने आणि पुढारलेले एकाच घरात नांदतात, याचे कारण जो आधी निघाला तोच पुढे असतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात बोलल्या जाणाऱ्या आयमारा भाषेत ‘नायरा’ म्हणजे डोळा, समोरची बाजू आणि भूतकाळ. घडून गेलेले दिसते, म्हणून ते समोर, आणि येणारे दिसत नाही, म्हणून ते पाठीमागे. आपण मराठीत ‘मागच्या वर्षी’ही म्हणतो आणि ‘पूर्वी’ही म्हणतो, म्हणजे भूतकाळ एकदा पाठीमागे ठेवतो आणि एकदा समोर.

बाकीच्या भाषांसाठी इतका वेळ लागत नाही, कारण त्यांचे शब्द बहुधा पारदर्शक असतात. जर्मन ‘फोर्टश्रिट’ म्हणजे पुढचे पाऊल. चेक भाषेतील ‘पोक्रोक’मधला ‘क्रोक’ म्हणजे पाऊल. चिनी ‘जिन्बू’ आणि जपानी ‘शिम्पो’ ही एकाच अक्षरजोडीची दोन वाचने आहेत: पहिले अक्षर पुढे सरकण्याचे, दुसरे पावलाचे. त्या दुसऱ्या अक्षराचे सर्वांत जुने रूप हाडांवर कोरलेले सापडते, आणि त्यात एकापुढे एक पडलेले दोन पायांचे ठसे स्पष्ट दिसतात. तमिळमध्ये ‘मुन्नेट्रम’, म्हणजे ‘मुन’ पुढे आणि ‘एट्रम’ चढणे. 1949 मध्ये स्थापन झालेल्या द्रविड मुन्नेत्र कळघम या पक्षाचे नाव आपण ऐकतो, त्यातला मधला शब्द हाच. ग्रीक भाषेत दोन शब्द आहेत. ‘प्रोओदोस’मध्ये ‘होदोस’ म्हणजे रस्ता आहे, तर ‘प्रोकोपी’मध्ये कापण्याचे क्रियापद आहे: झाडी तोडत वाट काढावी, तसे पुढे जाणे. मला हा शब्द सर्वांत जास्त आवडतो, कारण वाट आधीच तयार आहे, असे तो गृहीत धरत नाही.

फोड झाल्यावरही एक काम उरते, आणि उत्साहाच्या भरात तेच राहून जाते: शब्द आजच्या अर्थाने केव्हा रुळला, ते पाहणे. मूळ अर्थ आणि चालू अर्थ यांत पुष्कळ अंतर असू शकते. ‘उत्क्रांती’ला आपण जीवसृष्टीचा क्रमाने झालेला विकास म्हणतो, परंतु जुन्या संस्कृतात तो प्राण शरीर सोडून निघून जाण्यालाही वापरला जाई. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी चर्चेत ‘सुधारणा’ शब्दाचा दबदबा होता; आगरकरांनी 1888 मध्ये पत्र काढले, त्याचे नाव ‘सुधारक’ होते. हिंदी लेखकांनी 1936 मध्ये ‘प्रगतिशील’ हे विशेषण संघटनेच्या नावात घेतले, तर मराठीने त्याच अर्थाने ‘पुरोगामी’ पसंत केला. म्हणून मोल्सवर्थचा 1857 चा कोश आधी उघडावा, मग 1932 ते 1938 या काळात निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, आणि दोन्हींत शब्द आहे का, असल्यास कोणत्या अर्थाने आहे, याची नोंद करावी. मुळासाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 चा मराठी व्युत्पत्तिकोश, फारसी-अरबी शब्दांसाठी माधव जूलियन यांचा 1925 चा फार्शी-मराठी कोश. यांतील जुने कोश आता संगणकावर फुकट पाहता येतात, तरी छापील पान चाळताना शेजारचे चार शब्द नजरेला पडतात आणि नवा नातलग बहुधा तेथेच सापडतो.

वहीचे शेवटचे पान बोलीसाठी मोकळे ठेवावे. प्रमाण मराठीत ‘पुढे’ म्हणतात, तेथे आपल्याकडे नागपुरात ‘समोर’ म्हणतात: बसमध्ये ‘समोर सरका’, आणि ‘समोरच्या महिन्यात लग्न आहे’. या पानावर ‘पुढारलेला’ आणि ‘मागासलेला’ ही जोडी आधी लिहावी, कारण प्रगतीसाठी मराठीने कोणाकडून न घेता घडवलेले शब्द हेच आहेत. आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की मुलगा शिकून पुढे गेला, हे त्यांच्या लहानपणी गावात कोणत्या शब्दांत सांगत असत. जे उत्तर मिळेल, ते सांगणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे, गावाचे नाव आणि तारीख घालून, लगेच उतरवून घ्यावे.